वेगमापक चुकतोय की मोटर? वेगवान स्वयंचलित रेल्वेगाडीचं नियंत्रण असं बांधा

गाडीला ताशी ३२० किमी राखायचे आहेत (मुंबई–अहमदाबाद मार्गासाठी ठरलेला वेग हाच) आणि पडद्यावर ३१२ दिसतात. एक तर एखाद्या डब्याच्या मोटरी बंद पडल्यात, नाहीतर वेगमापक कमी दाखवतोय. मोटरी गेल्या असतील तर उरलेल्यांचा जोर वाढवायचा. मापक चुकत असेल तर तोच जोर गाडीला मर्यादेपलीकडे नेतो. म्हणून निदान आधी, दुरुस्ती नंतर.

वेगाची तीन मापं घ्या, पण तिन्ही एकाच एक्सलवर (चाकांची जोडी जोडणाऱ्या आसावर) नकोत. ते एक्सल घसरलं की तिन्ही मापं एकच चूक सांगतात आणि तीनपैकी दोनच्या बहुमताने ती चूक खरी ठरते. दोन मापं वेगळ्या बोगींवरची (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांवरची) घ्या, त्यातलं एक एक्सल बिनमोटरचं ठेवा. तिसरं माप डॉपलर रडारचं, म्हणजे जमिनीवरून परतणाऱ्या लहरींवरून चाकाशिवाय वेग काढणाऱ्या यंत्राचं. जोडीला प्रवेगमापक हवाच. जोर लावताना चाक जागच्या जागी फिरलं तर वेग जास्त दिसतो, ब्रेकमध्ये घसरलं तर कमी. यातला दुसरा प्रकार घातक. चाक फिरताना मापक देतो त्या पल्समधून (विद्युत-ठोक्यांमधून) २ मी/से² पेक्षा जास्त मंदन निघालं आणि प्रवेगमापक शांत असेल, तर त्या एक्सलला लगेच मतदानातून काढा. हजारी १० चा (हजार मीटरला १० मीटर) चढही प्रवेगमापकात ०.१ मी/से² दाखवतो, तेवढं वजा करायला विसरू नका.

चाकाच्या व्यासाची नोंद सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. ८६० मिमीचं नवं चाक बसवलं आणि संगणकात जुन्याचे ८५० तसेच राहिले, तर गाडी ३२० ने धावताना पडदा ३१६ दाखवतो. उपाय रुळांतच आहे. १,००० मीटर अंतरावरच्या दोन बॅलीजांमध्ये (गाडीला तिची जागा कळवणाऱ्या, रुळांमध्ये बसवलेल्या उपकरणांमध्ये) चाकाचे फेरे मोजा: ८६० ला ३७०.१, ८५० ला ३७४.५. हा ताळा गाडीने दर फेरीत आपोआप घ्यावा. मात्र जोर किंवा ब्रेक चालू असतानाचं माप धरू नका.

मापं एकमेकांशी जुळत असतील, तरच मोटरींवर संशय घ्या. जोर, वस्तुमान, हवेचा विरोध आणि चढ यांवरून अपेक्षित प्रवेग काढा. प्रत्यक्ष प्रवेगाशी त्याचा फरक ३ सेकंद टिकला तर बिघाड नोंदवा. न्यूट्रल सेक्शन (वरच्या तारेचा वीज नसलेला तुकडा) यातून वगळा, तिथे वीज नसणारच. त्या काळात नियंत्रकात साठत जाणारी चूक (लक्ष्य-वेग आणि प्रत्यक्ष वेग यांतल्या फरकाची बेरीज) गोठवा, नाहीतर वीज परतताच प्रवाशांना हिसका बसतो.

आठ मोटर-डब्यांपैकी एक गेला, तर बाकीच्या सातांना १४.३ टक्के जास्त ओढावं लागतं. तापमान आणि पकड तेवढं देत नसेल तर लक्ष्य-वेग उतरवा. रेटत बसू नका.

ब्रेकचा हिशेब जास्त कडक. मंदन ०.८ वरून ०.७ मी/से² झालं की ३२० वरून थांबायला ४.९ ऐवजी ५.६ किमी लागतात. विद्युत-ब्रेक गेल्यावर डिस्क-ब्रेक पकडायला २ सेकंद लागले, तर गाडी आणखी १८० मीटर पुढे जाते. ही वाढ त्याच क्षणी ब्रेक-वक्रात (कुठे किती वेग चालेल हे ठरवणाऱ्या आलेखात) घाला.

आपत्कालीन ब्रेकचं सर्किट या सगळ्यापासून वेगळं ठेवा: वीज तुटली की ब्रेक लागलाच पाहिजे. नियंत्रकाला ते रोखण्याची एकही तार देऊ नका.

चाचणीत बिघाड एकेक करून घालू नका. ओल्या रुळावर एक एक्सल घसरवा आणि त्याच वेळी एका डब्याच्या मोटरी बंद करा. निदान कितपत खरं ते तिथेच दिसतं.