द्राक्षबागेवर लिहिताय? लेख पोचवताना या चुका टाळा

द्राक्षबागेवर मराठीत लिहू लागलेली पोरं मला वरचेवर लिंक पाठवतात. खाली एकच ओळ असते, "काका, हा व्हायरल कसा करू?" लेख बहुतेक वेळा चांगला असतो, कारण पोरं बागेत राबलेली असतात. चुकीचा असतो तो प्रश्न. निफाडच्या ज्या बागायतदाराला आज सकाळी पानावर डाग दिसलाय, त्याच्या हातात तुमचा लेख आज संध्याकाळपर्यंत पडला पाहिजे. बाकी दहा हजार जणांनी तो उघडला नाही तरी काही बिघडत नाही.

दिसेल त्या ग्रुपवर लिंक टाकणं

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता लिंकसोबत "जास्तीत जास्त शेअर करा" दिसलं की जीव तुटतो. आमच्या शेजारच्या गावातल्या एका मुलाने ऑक्टोबर छाटणीवर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीवर, लेख लिहिला. छाटणीआधी काडी तपासून घड नेमका कितव्या डोळ्यात (काडीवर कोंब फुटतो त्या जागेत) आहे ते कसं बघायचं, आणि त्यावरून किती डोळ्यांवर कापायचं, हे त्याने स्वतःच्या बागेतले फोटो देऊन समजावलं होतं. अनुभवी माणसानेही बाजूला काढून ठेवावा असा लेख. त्याच रात्री त्याने तो चाळीसेक ग्रुपवर टाकला. दहावीची बॅच, मामेभावाच्या लग्नाचा ग्रुप, कांदा व्यापारी, पुण्यातली सोसायटी, काही सोडलं नाही. मित्रांनाही पुढे पाठवायला लावलं.

दोन दिवस आकडा पळत होता. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून पाहिलं, तर आलेले बहुतेक लोक काही सेकंदांत परत गेले होते. त्याहून वाईट म्हणजे तालुक्यातल्या द्राक्ष उत्पादकांच्या ग्रुपवर तोच मेसेज तीन जणांकडून तीनदा आला आणि अॅडमिनने त्याला काढून टाकलं. त्याचे खरे वाचक त्या एकाच ग्रुपवर होते. "मुलगा आपला आहे, अभ्यास करून लिहितो," असं सांगून त्याला परत आत घ्यायला मला दोन महिने लागले. तोवर छाटण्या उरकल्या होत्या.

व्हॉट्सअॅपने भारतात 2018 पासून एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करू द्यायला सुरुवात केली, आणि 2020 पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. अशा मेसेजवर दुहेरी बाण येतो. तो बाण दिसला की शेतकरी त्याला सुप्रभातच्या फुलांच्या रांगेत बसवतो आणि पुढे सरकतो. म्हणजे तुमचा लेख जितका जास्त फिरेल, तितका तो बिनकामाचा वाटायला लागतो.

माझी सवय सांगतो. ग्रुपवर मी आधी लिंक टाकतच नाही. कुणी विचारलं, तर चार ओळींत पूर्ण उत्तर तिथेच देतो आणि फोटो बघायचे असतील तर म्हणून खाली लिंक ठेवतो. नवा लेख झाला की वही उघडून सात जण निवडतो आणि प्रत्येकाला वेगळं लिहितो: "दादा, परवा तुम्ही विचारत होतात की तिसऱ्या डोळ्यावर कापू का पाचव्या. त्याचं उत्तर दुसऱ्या फोटोखाली आहे." अर्धा तास जातो. पोरांना हा अर्धा तास जड वाटतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. वेल लावून पहिल्या मालासाठी दीड-दोन वर्षं थांबणारी ही पोरं लेखाला दीड दिवसही देत नाहीत.

पुस्तकातला शब्द शीर्षकात घालणं

ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या एका लेखाचं शीर्षक होतं "द्राक्षावरील केवडा रोगाचे एकात्मिक व्यवस्थापन". कृषी पुस्तकांत डाऊनी मिल्ड्यू या बुरशीच्या रोगाला केवडाच म्हणतात, तेव्हा शब्द बरोबर होता. पण गूगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे लोक काय शोधून लेखावर आले ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, पाहिलं, तर केवड्याचं अत्तर, केवड्याचं झाड कुंडीत येतं का, गणपतीसाठी केवडा कुठे मिळेल! बागायतदार त्यात शोधून सापडेना.

आमच्याकडे त्या रोगाला डावणी म्हणतात. आणि ज्याने तो पहिल्यांदाच पाहिलाय, तो डावणीही लिहीत नाही. त्याला जे दिसतं तेच तो लिहितो. शीर्षक मी बदललं: "द्राक्षाच्या पानावर वरून तेलकट डाग, खालून पांढरी बुरशी: डावणी ओळखा". आतला मजकूर तोच ठेवला. त्या हंगामात फोन यायला लागले. "पाऊस उघडलाय, पण पानं ओली आहेत, आता फवारू का थांबू?" असा प्रश्न आला की समजावं, लेख योग्य माणसाकडे गेला.

तेव्हापासून महिन्यातून दोन-तीन संध्याकाळी मी कृषी सेवा केंद्राच्या बाकावर बसतो. गिऱ्हाईक काउंटरवर जे बोलतं, ते जसंच्या तसं वहीत उतरवतो. "डोळे मागं-पुढं फुटलेत" हे माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं शीर्षक त्या बाकावरच मिळालं.

काम होऊन गेल्यावर लेख टाकणं

सटाण्याकडचे अर्ली वाले, म्हणजे लवकर माल काढणारे, जून-जुलैत कात्री लावतात, निफाड-दिंडोरीत छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरला होते. दोघांना एकाच दिवशी एकच लिंक पाठवून काय होणार? मी त्या-त्या भागात छाटणीच्या तीन आठवडे आधी पाठवतो. जुना लेख दुरुस्त करून पुढच्या वर्षी पुन्हा पाठवायला अजिबात लाजू नका, बागेचं काम दरवर्षी येतं.

बारीकसारीक, पण रोज दिसणाऱ्या

लिंकमध्ये देवनागरी ठेवू नका. कॉपी केली की एकेका अक्षराच्या, मात्रेच्या जागी टक्क्याच्या खुणांसह नऊ-नऊ चिन्हं येतात. नुसता "द्राक्ष" शब्द 63 चिन्हांचा होतो आणि लोकांना ती फसवणुकीची लिंक वाटते. रोमन लिपीतले दोन-तीन छोटे शब्द पुरतात.

लिंकसोबत दिसणारा फोटो तुमच्या बागेतल्या पानाचा असू द्या, इंटरनेटवरचा चकचकीत परदेशी घड नको.

व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) मेसेज ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच जातो. भेटाल तेव्हा समोरच नंबर सेव्ह करून घ्या.

फेसबुकवर पैसे भरून अख्खा महाराष्ट्र निवडू नका. त्यातून अंगठे मिळतात, बागायतदार मिळत नाहीत.

"हे वाचून थक्क व्हाल" असलं काही कृपा करून लिहू नका. डागाने हवालदिल झालेल्या माणसाला थक्क व्हायचं नसतं.

प्रश्न आला की गप्प बसणं

एवढं सगळं करून योग्य वाचक येतो, खाली प्रश्न विचारतो, आणि लिहिणारा चार दिवस फिरकत नाही. वाचक तोवर दुकानदार देईल ते औषध मारून मोकळा झालेला असतो. मी रात्री जेवण झाल्यावर सगळ्या प्रश्नांना उत्तर देतो. फोटो धूसर असेल तर पानाची खालची बाजू उजेडात धरून पुन्हा काढायला सांगतो, आणि पाच-सहा दिवसांनी बाग कशी आहे ते विचारतो. पुढच्या लेखाचे सात जण मला यातूनच मिळतात.