आशियाई फुटबॉल स्पर्धेत क्लब उतरवायचा तर...

लीग जिंकली म्हणजे काम झालं, असं नाही. आधी परवाना. तो देतो आपलाच भारतीय फुटबॉल महासंघ, पण निकष क्वालालंपूरच्या एएफसीचे, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचे: खेळ, मैदान, कर्मचारी, कायदा, पैसा. ‘अ’ दर्जाची, म्हणजे सक्तीची, एकही अट राहिली की परवाना अडकतो, म्हणून खेळाडूंची थकबाकी आधी मिटवा आणि पावत्या जपून ठेवा. मैदानाची तपासणी वेगळी. पर्यायी मैदान हाताशी असू द्या. 2023 मध्ये मुंबई सिटीने घरचे काही सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळले. आणि दौरा परस्पर टाळू नका! 2024 मध्ये मोहन बागान इराणला, तब्रिझला गेला नाही. एएफसीने ती माघार धरली आणि आधीच्या सामन्याचा निकालही रद्द केला.