गावठी गुलाबाचं सरबत: पाक उकळून नाही, तोलून

गुलाबाच्या सरबताच्या बहुतेक कृतींत एक ओळ ठरलेली असते: "पाकात पाकळ्या घालून दहा मिनिटं उकळा." ही ओळ लिहिणाऱ्यांनी ते सरबत स्वतः प्यायलं नसावं. मी प्यायलंय. पहिल्या वर्षी अशाच एका कृतीवर विसंबून पातेलंभर पाकळ्या उकळल्या. घरात असा घमघमाट सुटला की समोरच्या काकू दार वाजवून विचारायला आल्या, "आज काय विशेष?" मी खूश. गार झाल्यावर चाखलं, तर गोड पाकाला उकडलेल्या पालेभाजीचा वास. काकूंच्या घरापर्यंत पोचलेला सुगंध माझ्याच पातेल्यातून निघून गेला होता, एवढी साधी गोष्ट कळायला मला दोन उन्हाळे लागले.

आधी फुलं. हवा तो गुलाबी, भरगच्च, पटकन गळणारा गावठी गुलाब, ज्याचा गुलकंद करतात तोच. लांब दांड्याचा डच गुलाब दिसायला देखणा असतो. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधून तो व्हॅलेंटाइनसाठी परदेशी जातो तो त्या देखणेपणावर. वासाच्या नावाने मात्र शून्य, आणि त्याच्यावर फवारणी असते. हारवाल्याकडचे सुटे गुलाबही नकोत. देवाला वाहायची फुलं कुणी खायच्या हिशेबाने वाढवत नाही. कुंडीतले, शेजारच्या बागेतले किंवा ओळखीच्या शेतातले, फवारा न मारलेले घ्या. सकाळी ऊन चढायच्या आत तोडा, कारण दुपारपर्यंत निम्मा वास उडालेला असतो.

मी 100 ग्रॅम पाकळ्या घेते, म्हणजे साधारण चाळीसेक फुलं. पाकळीच्या बुडाशी पांढरट टोक असतं, ते कडवट लागतं. वेळ असेल तर कात्रीने उडवा. मग पाकळ्या पाण्यातून अलगद काढून फडक्यावर निथळायला ठेवा.

पाकळ्या दोन हप्त्यांत वापरायच्या. अर्धा लिटर पिण्याचं पाणी उकळा, गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि अर्ध्या पाकळ्या घालून घट्ट झाकण ठेवा. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब परत पातेल्यातच झटका, खरा वास त्या थेंबांत असतो. पूर्ण गार झालं की गाळा, त्यात उरलेल्या पाकळ्या घाला आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी मलमलीतून गाळा. हलकेच दाबा, पिळू नका.

या वेळी हातात जे पाणी येतं ते पाहून नवखा माणूस हमखास हिरमुसतो. मळकट, तपकिरीकडे झुकणारं, फरशी पुसलेल्या पाण्यासारखं दिसतं. पाकळ्याही पांढऱ्याफटक. घाबरू नका. त्यात अर्ध्या लिंबाचा रस थेंबथेंब पिळा आणि बघत राहा. पहिला थेंब जिथे पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटतो, तो पसरतो, आणि चमचा फिरवेपर्यंत सगळं पाणी डाळिंबी होतं. पाकळ्यांचा रंग आंबटात लाल आणि क्षारात निळसर होतो, इतकाच त्यातला चमत्कार. बोअरच्या जड पाण्यात हा रंग जांभळट-राखाडी पडतो. अल्युमिनियमचं किंवा लोखंडी भांडंही चालणार नाही. स्टील किंवा काच.

आता पाक. माझी सगळी फजिती इथे झाली, म्हणून इथे जरा थांबते.

उकळून वास जातो हे कळल्यावर मी दुसरा सल्ला ऐकला: आधी नुसत्या साखरेचा एकतारी पाक करा, गॅस बंद करून त्यात गुलाबाचं पाणी घाला. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. केलं, सुरेख वास आला, रंग आला. बाटल्या भरल्या आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवल्या. ऐन वैशाखात रात्री स्वयंपाकघरात फट्ट आवाज झाला. सकाळी बघते तर एक बूच फडताळाखाली, ओट्यावर फेस, आणि मुंग्यांची रांग थेट खिडकीपासून. सरबत आंबलं होतं.

कारण अगदी सरळ आहे. पाक टिकतो तो साखरेच्या प्रमाणामुळे, उकळल्यामुळे नाही. वजनाने शंभरातले पासष्टच्या आसपास भाग साखर असली की बुरशीला आणि यीस्टला वाढायला मोकळं पाणीच उरत नाही. एकतारी म्हणजे साधारण तेवढंच प्रमाण, आणि उकळायचं ते जास्तीचं पाणी उडवून तिथवर पोचण्यासाठी. तिथे पोचल्यावर तुम्ही वाटीभर गुलाबपाणी ओतलंत की एकतारी कसली? पाक पुन्हा पातळ, आणि यीस्टची चंगळ. त्यातून ती बोटांमधली तार! माझ्या सासूबाईंची तार वेगळी, माझी वेगळी. थर्मामीटर लावला तर समुद्रसपाटीला पाक 104 अंशांच्या आसपास एकतारी होतो, पण पुण्यात पाणीच 98 ला उकळतं, म्हणजे तिथे दोन अंश वजा करा. सरबतासाठी हा उपद्व्याप हवा कुणाला?

पाणी उडवायचंच नसेल तर उकळायचं कशाला? साखर आणि गुलाबाचं पाणी हव्या त्या प्रमाणात तोलून घ्या आणि साखर नुसती विरघळवा. प्रमाण लिहून ठेवा: लिंबू पिळलेलं गाळीव पाणी 100 ग्रॅम, तर साखर 180 ग्रॅम. अर्ध्या लिटरमधलं थोडं पाणी पाकळ्या पितात, माझ्या हाती साधारण 430 ग्रॅम येतं. त्याला 775 ग्रॅम साखर. यातून 750 मिलिलिटरची एक बाटली भरून वर पेलाभर उरतं. वजनकाटा नसेल तर एक वाटी पाण्याला त्याच वाटीने शिगोशीग दोन वाट्या साखर. पण काटा घ्याच.

वजनाने पाण्याच्या दुप्पट साखर घालण्याचा मोह होतो. मलाही झाला होता. बाहेर ते जेमतेम निभतं, पण फ्रिजच्या गारव्यात पाण्याला तेवढी साखर पेलत नाही आणि बाटलीच्या तळाशी खडीसाखर बसते. तशी बसली की वरचा पाक पातळ होतो. 180 च्या प्रमाणात ही भानगड होत नाही. उलट दिशेने, "आम्ही गोड कमी खातो" म्हणून साखर निम्म्यावर आणणाऱ्यांना एकच सांगणं: मग ते सरबत नाही, गुलाबाचं गोड पाणी आहे, तीन-चार दिवसांत संपवा. गोड कमी हवं तर पेल्यात सरबत कमी घाला.

विरघळवण्याची रीत अशी. गुलाबाचं पाणी आणि साखर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घ्या. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करा आणि डबा त्यात उभा करा. डब्याचं झाकण लावलेलं असू द्या, दर पाचेक मिनिटांनी उघडून ढवळा. बाहेरचं पाणी कोमट झालं तर डबा काढून ते पुन्हा तापवा, पण डब्याखाली आच लावू नका. अर्धा-पाऊण तास लागतो. साखर बारीक, एस-30, घेतली तर लवकर होतं. बाजारची पिठीसाखर नको, तिच्यात बरेचदा कॉर्नफ्लोअर असतं, सरबत गढूळ होतं. खडीसाखरेने सरबत "थंड" होतं असं म्हणतात. म्हणू द्या, तीही साखरच. कुटायची हौस असेल तर वापरा. गुळाच्या मात्र वाटेला जाऊ नका, गुलाब त्यात गुदमरतो.

झालं का ते पाहायला चमच्याने तळ खरवडून दाताखाली घ्या. कचकच लागली तर अजून थांबा. वर मळी आली असेल तर काढून पुन्हा गाळा.

बाटली काचेची, उकळत्या पाण्यातून काढलेली आणि आतून खडखडीत कोरडी. सरबत पूर्ण गार झाल्याशिवाय बूच लावू नका. या चुकीने माझ्या दोन बाटल्या गेल्या. कोमट सरबताची वाफ झाकणाला धरते, तिचे थेंब परत वर पडतात आणि सगळ्यात वरचा थर तेवढा पातळ होतो. पंधरा दिवसांनी बाटलीच्या गळ्याशी पांढरी साय दिसली तर ती बुरशी. वरवर काढून खालचं वापरू नका, ओतून द्या. गार होईस्तोवर भांड्यावर कोरडं फडकं बांधून ठेवायचं, मग बाटलीत, मग फ्रिजमध्ये. चार महिने माझं सरबत व्यवस्थित राहिलंय. त्यापुढे आमच्याकडे उरलेलंच नाही.

पेलाभर गार पाण्याला दोन मोठे चमचे, चिमूट मीठ, आणि वीस मिनिटं भिजवलेला सब्जा. सोड्यातही छान लागतं. मठ्ठ्यात घालणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल काही बोलत नाही. दुधात घालायचं तर दूध बर्फासारखं गार हवं आणि लगेच प्यायला हवं. आत लिंबू आहे. गरम दुधात घातलंत की फाटलं म्हणून समजा. श्रीखंडात मात्र बेधडक घाला, साखर तेवढी कमी करून.

हीच रीत इतर फुलांनाही चालते, थोड्या फरकाने. लाल गावठी जास्वंदीला वास नसतोच, त्यामुळे पाकळ्या खुशाल उकळा. फक्त मधला केसराचा दांडा आणि हिरवा देठ काढा, नाहीतर पाणी चिकट होतं. गोकर्णीचं सरबत निळं, लिंबाने जांभळं, मुलं खूश, चव जवळजवळ काहीच नाही. वाळ्याच्या मुळ्या माती जाईपर्यंत धुऊन रात्रभर गार पाण्यात भिजवा, बाकी सगळं वरच्याप्रमाणे. कण्हेर, बिट्टी, धोतरा ही फुलं विषारी आहेत, रंग कितीही मोहात पाडो. आणि जे फूल तुम्हाला खात्रीने ओळखता येत नाही, ते पातेल्यात नको.

मोगऱ्याला गरम पाणी दाखवायचंच नाही. संध्याकाळी उमलायला आलेल्या कळ्या गार पाण्यावर तरंगत सोडायच्या, आजी माठात सोडायची तशा, वर झाकण, आणि सकाळी कोमेजायच्या आत काढून टाकायच्या. त्यात साखर विरघळवताना बाहेरचं पाणीही फक्त कोमटच ठेवा. दोन तास लागतात, ढवळून हात दुखतो. पण तो पेला मी पाहुण्यांना देत नाही.