नेमकं कुठे भरून आलं?

परीक्षणं लिहायला लागले त्या दिवसांत एका फिल्म सोसायटीत ‘श्यामची आई’ पाहिला. आचार्य अत्र्यांचा, १९५३ सालचा. दिवे लागले तेव्हा शेजारच्या मावशी डोळे पुसत होत्या आणि पलीकडचा कॉलेजचा मुलगा वैतागला होता, “आईनं नुसतं सोसायचं, आणि तेच थोर?”

मी मुलाची बाजू घेऊन लिहिलं: रडका आणि उपदेशी. संपादकांनी कागद परत केला. “कुठल्या प्रसंगात?” मला एकही सांगता आला नाही.

नव्यानं लिहिणाऱ्यांनो, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. मी वही घेऊन पुन्हा बसले आणि गळा दाटला की प्रसंग टिपत गेले. सगळ्यात जास्त हलले ते पोहण्याच्या प्रसंगात. विहिरीत पोहायला घाबरून दडलेल्या श्यामला आई झोडपून काढते. तिथे ती मायेची मूर्ती नसते. पोराला कुणी भित्रं म्हणावं हे तिला सहन होत नाही, आणि मारताना तिचाही जीव तुटतो. असं रडू चित्रपटानं कमावलेलं असतं.

पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, हा बोध मात्र मला पडद्यावर आजही खटकतो. साने गुरुजींनी पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, तेही रात्री सांगितलेल्या गोष्टींच्या रूपात. सांगणाऱ्याच्या तोंडी बोध सहज येतो. पडद्यावर मात्र आपण ते घडताना बघत असतो, मग वेगळं सांगायची गरज उरत नाही. ‘उपदेशी’ लिहायचं तर एवढं कारण हवंच.

एखादा प्रसंग आवाज बंद करूनही बघा. संगीत काढल्यावर काय उरतं ते कळतं. सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये हीच गोष्ट पुन्हा केली, तीही कृष्णधवल. दोन्हींतला एकच प्रसंग लागोपाठ बघण्याइतका चांगला अभ्यास नाही.

आणि प्रेक्षकांशी बोला. त्या मुलाचा प्रश्न मी दुसऱ्या खर्ड्यात जसाच्या तसा घेतला. तो खरा आहे. पुढच्या खेळाला मावशी भेटल्या. त्यांनाही विचारलं, कुठे रडलात?

“विहिरीपाशी,” त्या म्हणाल्या. “माझा मुलगा रडत हॉस्टेलला गेला, तेव्हा मी दार लावून घेतलं होतं गं.”