‘डॉक्टर हू’चा ‘ब्लिंक’ कसा पाहावा

बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका १९६३ मध्ये सुरू झाली असली, तरी २००७ चा ‘ब्लिंक’ हा भाग पाहण्यासाठी मागचे काहीही ठाऊक असण्याची गरज नाही. मालिकेचा नायक, डॉक्टर, त्यात जेमतेम दिसतो आणि सारी कथा कॅरी मलिगनने साकारलेल्या सॅली स्पॅरोभोवती फिरते. दिवे मालवून, पाऊण तासाचा हा भाग एका बैठकीत पाहावा.

आरंभी सॅली पडक्या घरातील भिंतीचा कागद फाडते आणि खाली तिच्याच नावे लिहिलेला इशारा निघतो, तो नीट लक्षात ठेवावा. या भागातील खलपात्रे म्हणजे पुतळ्यांसारखे दिसणारे दगडी देवदूत; कोणी पाहत असेपर्यंत ते हलत नाहीत, नजर हटताच हलतात. पण खोलीत कोणाचीच नजर त्यांच्यावर नसतानाही ते पडद्यावर हलताना दिसत नाहीत, म्हणजे प्रेक्षकाची नजरही त्यांना थिजवते (माझ्या मते हीच लेखक स्टीव्हन मॉफट यांची खरी करामत). म्हणून दृश्य बदलताच आधी पुतळ्यांचे हात पाहावेत: चेहऱ्यावरून ते कधी खाली आले, यातच भीती आहे.

कथेत सॅलीला डीव्हीडीवर सापडणारे डॉक्टरचे तुटक बोलणे प्रथम निरर्थक वाटेल. समोरची, म्हणजे सॅलीची, वाक्ये त्याला जुळल्यावर ते पुन्हा ऐकावे. २०१० च्या ‘फ्लेश अँड स्टोन’मध्ये देवदूत चक्क हलताना दिसतात, तेव्हा तो भाग नंतरच पाहावा.