रोबोटचं माप आणि रिंगची हद्द : या चुका टाळा

रोबोटच्या स्पर्धेत चेसिस, म्हणजे रोबोटचा सांगाडा, मोजली की रोबोट मोजला, असं धरून चालू नका. परीक्षक बघतात तो सुरुवातीच्या स्थितीतला अख्खा रोबोट. बाहेर डोकावणारी केबल, झिप टायचं शेपूट, स्क्रूचं डोकं, सगळं त्यात आलं. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड या स्पर्धेच्या रोबोमिशन गटात लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी २५ सेंमी चालते आणि केबलही त्यातच धरतात. बरोब्बर २५ चा रोबोट बांधला की एक वायर घात करते. चारही बाजूंनी तीन-चार मिमी सोडा. आतून काटेकोर मापाचा प्लायचा खोका सुताराकडून करून घ्या. मोजपट्टी तिरकी धरली जाते, खोका खोटं बोलत नाही.

फर्स्ट टेक चॅलेंज आणि व्हेक्स व्ही५ या स्पर्धांमध्ये सुरुवातीचं माप १८ इंच, म्हणजे ४५.७२ सेंमी. ‘४६ धर, हुई जाई’ म्हणणारा एक तरी टीममध्ये असतोच. ते जवळपास ३ मिमी जास्त होतात आणि रोबोट बाद होतो.

आपल्याकडचा खास घोळ उन्हाचा. थ्रीडी प्रिंटरचं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास नरम पडतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत रोबोट ठेवला, तर घरी मापात बसलेला रोबोटचा हात स्पर्धेच्या हॉलवर पोचेपर्यंत वाकलेला असू शकतो. ग्लू गनचे सांधेही ढिले पडतात. थर्माकोलच्या पेटीतून न्या आणि उतरल्यावर पुन्हा खोक्यात घालून बघा.

आता हद्द. मिनी सुमोत दोन रोबोट एकमेकांना रिंगबाहेर ढकलतात. रोबोट १० बाय १० सेंमी, वजन ५०० ग्रॅमपर्यंत. रिंग ७७ सेंमी व्यासाची, काळी, कडेला २.५ सेंमीची पांढरी पट्टी. पट्टी ओलांडून रोबोट खाली पडला की पोरं पट्टी ओळखणारा सेन्सर बदलत बसतात. आधी कोड उघडा! ‘डिले’ ही थांबायची आज्ञा १०० मिलिसेकंदांची असेल तर तेवढा वेळ आर्डुइनोचा (रोबोट चालवणाऱ्या बोर्डाचा) मुख्य प्रोग्राम थांबतो, सेन्सर वाचलाच जात नाही. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने रोबोट तेवढ्यात ५ सेंमी जातो, पट्टीच्या दुप्पट. डिले काढा, वेळ न थांबता मोजणाऱ्या ‘मिलिस’ने मोजा, लूपच्या प्रत्येक फेरीत पट्टी वाचा. सेन्सर पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत हवेत; मधोमध एकच असेल तर तिरका जाणारा रोबोट चाक बाहेर टाकतो.

तरीही चुकतोय? मग उजेड बघा. खिडकीतून ऊन आलं की इन्फ्रारेड सेन्सरचं रीडिंग बदलतं. वर्गात ठरवलेला आकडा तिथे चालत नाही. काळ्या-पांढऱ्याचं रीडिंग जागेवर घेऊन मधला आकडा कोडमध्ये टाका.

सुरुवातीनंतर रोबोट किती पसरायचा, हे मात्र स्पर्धेगणिक वेगळं. सुमोत पसरता येतं. फर्स्ट टेक चॅलेंजच्या २०२४-२५ हंगामात आडव्या विस्ताराला २० बाय ४२ इंचांची मर्यादा होती. त्यामुळे सीनियरने दिलेलं जुनं रूलबुक बाजूला ठेवा, यंदाचंच वाचा. रेषेला टेकलेलं चाक आत धरायचं की बाहेर, हे त्यात स्पष्ट नसेल तर सामन्याआधी पंचांना विचारून घ्या.