गाडीवरचे ओरखडे घालवायचे, पण बेताने

उसाचा हंगाम आला की सोलापूरच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांबाहेर लोंबणारे ऊस गाड्यांना घासून जातात. पण खरी वाट लागते ती घरीच. धुळीने भरलेल्या बोनेटवर आपण सकाळी कोरडं फडकं मारतो ना, त्याने. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसतात, ते त्याचेच.

पॉलिश चरा बुजवत नाही. रंगावर पारदर्शक लॅकरचा थर असतो, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही पातळ. चऱ्याच्या आजूबाजूचं लॅकर झिजवून सपाट केलं की चरा दिसेनासा होतो. गेलेलं लॅकर परत येत नाही. म्हणून जमेल तितकं कमी घासायचं.

आधी चऱ्यावर पाणी टाका. ओला असेपर्यंत दिसेनासा झाला, तर बहुधा पॉलिशने भागेल. मग नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चरा पूर्ण जाणार नाही, फार तर फिका पडेल. आत राखाडी प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर घासत बसू नका. टचअप करून घ्या, नाहीतर पावसाळ्यात गंज धरेल. पार्किंगमध्ये दुसऱ्या गाडीचा रंग वर चिकटलेला असतो, तो मात्र थोड्या पॉलिशने निघून जातो.

एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी लवकर आणि सावलीतच करा. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच सुकतं. नळाला रोज पाणी नसतं हे मान्य, पण धुण्यात काटकसर नको: एक बादली कार शाम्पूची, दुसरी फडकं खळबळायला. बोअरचं जड पाणी अंगावर वाळू दिलं की पांढरे डाग पडतात, लगेच पुसा. आणि आपला सोलापुरी टॉवेल अंघोळीलाच ठेवा. गाडीला स्वच्छ मायक्रोफायबर. धुऊनही हाताला खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवा.

रबर आणि काळ्या प्लॅस्टिकवर मास्किंग टेप लावा. आधी कुठल्यातरी कोपऱ्यात करून बघा. फोम पॅडवर पॉलिशचे दोन-तीन थेंब, एका वेळी वीतभर जागा, आधी उभे आणि मग आडवे हात, दाब मध्यम. पुसून मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. फरक पडला नाही तरच कंपाउंड, म्हणजे पॉलिशपेक्षा जास्त घासणारी पेस्ट, घ्या, आणि त्यानंतर पॉलिश फिरवाच, नाहीतर धुरकटपणा राहतो. पॅड जमिनीवर पडलं तर ते बाजूला ठेवा, त्यातला एक खडा नवे चरे पाडतो. टूथपेस्टचा उपाय मला पटत नाही. तिची धार किती, हेच कळत नाही.

मशीन वापरायचं तर ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे पॅड गोल फिरता फिरता हलतंही असं. गॅरेजमधलं रोटरी, म्हणजे एकाच जागी जोरात गोल फिरणारं मशीन, नवख्या हातात कडांवरचं लॅकर क्षणात जाळतं. दाराच्या, बोनेटच्या कडा हातानेच करा. मॅट रंगाच्या गाडीला यातलं काहीच लावू नका.

पॅडवर गाडीचा रंग उतरू लागला तर तिथेच थांबा: लॅकर संपलंय. फक्त लॅकर नसलेल्या जुन्या रंगाच्या गाडीत असं होणं साहजिक असतं.

शेवटी वॅक्सचा पातळ हात मारा आणि दर दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा द्या.